दत्तूभाऊंची चकती

आम्ही चार जुनी मंडळी आदिलाबादला कोणाच्या लग्नात भेटलो की अक्षता पडायच्या आधीच कोणीतरी सुरू करतं, "मास्तर, ते कोंबडीवालं वर्ष आठवते का?" मग एक किस्सा दुसऱ्याला ओढून आणतो, दुसरा तिसऱ्याला, आणि नवरदेवाकडे बघायचं राहूनच जातं! गंमत म्हणजे कोणत्या वर्षी कोण कसं खेळलं हे आमच्यापैकी एकालाही सांगता येत नाही. आठवते ती फक्त आदली संध्याकाळ आणि त्या दिवसाची सकाळ.

आधी खेळ सांगतो, नाहीतर तुम्ही मध्येच विचाराल. आमचं गाव तेलंगणात, जैनथजवळ, पैनगंगेच्या अंगाला. मी शाळेत मास्तर आणि आमचे दत्तूभाऊ कापसाच्या जिनिंग कारखान्यात कारकून. त्यांचे मेहुणे हैदराबादचे इंजिनियर. ते एकदा अमेरिकेहून येताना प्लास्टिकच्या चकत्या घेऊन आले आणि म्हणाले, "तिकडे ही चकती लांबून टोपलीत टाकतात. कमीत कमी फेकीत टाकेल तो जिंकला. याला डिस्क गोल्फ म्हणतात."

झालं! त्याच वर्षी, कापसाची शेवटची वेचणी होऊन पऱ्हाट्या उपटल्यावर, दत्तूभाऊंनी शेतात नऊ बांबू रोवले. एकेका बांबूला कोंबड्या झाकायचं एकेक डालं उलटं बांधलं. संक्रांतीनंतरच्या रविवारी टूर्नामेंट आणि बक्षीस तांब्याची कळशी!

ती कळशी दरवर्षी जिल्ह्यातल्याच बोथ गावची टीम घेऊन जायची. दत्तूभाऊ बांबू रोवायचे, मांडव घालायचे, माईक आणायचे, कळशी स्वतः चिंचेनं घासून लख्ख करायचे आणि दुपारी ती बोथच्या जीपमध्ये ठेवून यायचे. त्यांची चकती हातातून सुटली की डावीकडेच वळायची. बायको, म्हणजे आमच्या इंदूवहिनी, विचारायच्या, "आपल्याच गावची कळशी आपल्या घरी काऊन येत नाई हो?" दत्तूभाऊ म्हणायचे, "येईन न बाप्पा! एखाद्या वर्षी येईनच." त्यांना खरंच दुसरं काही नको होतं.

* * *

पहिल्याच वर्षीची गोष्ट. बांबू लांबून दिसावेत म्हणून दत्तूभाऊंनी प्रत्येकाला लाल फडकं बांधलं आणि चुन्यानं नंबर टाकले. संध्याकाळी गावात बातमी, "कालवा येऊन राह्यला! जमीन मोजली!"

पाच नंबरचा बांबू विठोबा पाटलाच्या बांधावरच होता. पाटलांनी अंधार पडताच तो उपटून चुलतभावाच्या शेतात रोवला. चुलतभावानं बघितलं, त्यानं तो उपटून पुढच्याच्या शेतात रोवला. सकाळी आम्ही पोचलो तर नऊ बांबूंपैकी आठ जागेवर, आणि पाचवा थेट नाल्यापलीकडे! शिवाय अर्धं गाव जमिनीच्या मालकीचे पट्टा-पहाणीचे कागद काखेत मारून उभं. दत्तूभाऊंनी माईकवर समजावून सांगितलं, तरी एकही माणूस घरी जाईना. सगळे संध्याकाळपर्यंत थांबले, खात्री करायला. एवढे प्रेक्षक आम्हाला पुढे कधीच मिळाले नाहीत.

पाच नंबर मात्र आम्ही नाल्यापलीकडेच ठेवला. परत अलीकडे आणायला जागा द्यायला कोणीच तयार नव्हतं!

* * *

आता कोंबडीवालं वर्ष. डाली आम्ही घराघरातून मागून आणायचो. त्या वर्षी सखूमावशीचं डालं चार नंबरला बांधलं होतं. सकाळी दत्तूभाऊ तपासायला गेले तर डाल्यात मावशीची खुडूक कोंबडी, पोटाखाली अंडी घेऊन ऐटीत बसलेली!

मावशीला बोलावलं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मीच बसवली रात्री. डालं तुमी नेलं, मंग कोंबडी मी कुठी ठेवू? माया डोक्यावर?"

दत्तूभाऊ म्हणाले, "मावशी, आता खेळ सुरू व्हतो. उठव न तिले."

"उठवली त अंडी वाया जातीन! तुमचा खेळ पुढच्या वर्षी बी हाये."

कंपाउंडर गंगाधर आमचा पंच. त्यानं दोन्ही बाजू ऐकून निकाल दिला, "चार नंबरले बांबूले चकती लागली तरी चालते. कोंबडीले लागली त खेळाडू बाद!" बोथचा कप्तान राजन्ना एरवी निधड्या छातीचा गडी. पण त्या डाल्यासमोर तो इतका घाबरत घाबरत खेळला की चकती बांबूपर्यंत पोचेचना. मावशी दिवसभर तिथंच बसून होती, काठी घेऊन.

* * *

हे छोटं आहे. वारा कुठला आहे हे बघायला आम्ही सकाळी चिमूटभर कापूस वर उडवायचो. घरोघर कापूसच, त्याला काय तोटा! नेरडीगोंड्याची टीम पहिल्यांदा आली तेव्हा आमचे सगळे खेळाडू ओळीनं उभे राहून, मान वर करून, कापूस उडवत होते. पाहुण्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले. आम्हालाही सांगायचं धैर्य झालं नाही. पुढच्या वर्षी ते येताना नारळ घेऊन आले!

* * *

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलाचे खांदे हळद-लोणी लावून मळतात आणि त्याच्या कानात सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." वर्षभर राबलेला खांदा तो, त्याला तेवढं तरी मिळावं.

एका वर्षी टूर्नामेंटच्या आदल्या दिवशी दत्तूभाऊंच्या डोक्यात आलं, की उद्या आपले पण खांदे राबणार आहेत. संध्याकाळी त्यांनी सगळ्या टीमला अंगणात ओळीनं बसवलं आणि इंदूवहिनींकडून वाटीभर हळद-लोणी मागून घेतलं. प्रत्येकाचा उजवा खांदा त्यांनी मन लावून मळला. गंगाधर म्हणाला, "भाऊ, मी त पंच हावो. मले काऊन?" दत्तूभाऊ म्हणाले, "शिटी वाजवाले खांदा लागत नाई का?" वहिनी दारातून म्हणाल्या, "कानात सांगाचं राह्यलं न! आन् उद्या जेवाले कडबा देऊ का?"

सकाळी अंगावर पांढरे शर्ट चढवले आणि पंधरा मिनिटांत सगळ्यांचे उजवे खांदे पिवळेजर्द! धुवायला वेळ कुठला? तेवढ्यात बोथची जीप आली. राजन्ना खाली उतरला, आमच्याकडे बघतच राहिला. राजन्ना तेलुगू माणूस, आमच्याशी हिंदीत बोलायचा. हळूच दत्तूभाऊंना म्हणाला, "इस साल तुम लोग यूनिफॉर्म बनाए क्या?"

दत्तूभाऊ छाती काढून म्हणाले, "हाव!"

* * *

एकदा गंगाधरनं युक्ती काढली. बोथच्या टीमला आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला बोलवायचं आणि इतकं खाऊ घालायचं की सकाळी कोणाला वाकता येऊ नये! पुरणपोळी, वर तुपाची धार, वडे, कढी. युक्ती बिनतोड होती. फक्त एक गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आली नाही. आपल्याकडे पाहुणा एकटा जेवत नाही!

राजन्ना म्हणाला, "तुम खाते तो मैं खाता." मग दत्तूभाऊंनी एक पोळी घेतली की तो एक घ्यायचा. त्यानं घेतली की दत्तूभाऊंना घ्यावी लागायची. पंगत उठली तेव्हा आम्हाला एकमेकांना हात देऊन उठवावं लागलं. सकाळी बोथवाले नाल्यात आंघोळ करून गाणी म्हणत आले आणि आमची टीम गंगाधरच्या दवाखान्याबाहेर रांगेत उभी होती. गंगाधर सर्वांत पुढे!

* * *

शेवटचा किस्सा शेवटच्या वर्षाचा. दत्तूभाऊंना मंचेरियालच्या जिनिंगमध्ये नोकरी मिळाली होती आणि पुढच्या आठवड्यात सामान हलायचं होतं. ते गेले की टूर्नामेंट कोण भरवणार? आम्ही सगळे वरवर हसत होतो, पण आत कुठेतरी वाईट वाटत होतं. आदल्या संध्याकाळी कळशी घासताना ते म्हणाले, "मास्तर, यावर्षी नाई आली त आता कवाच नाई येत." मी नुसतीच चिंच पुढे केली.

सकाळी मैदान तयार. इंदूवहिनी पहिल्यांदाच शेतावर आल्या होत्या, बायकांना घेऊन स्वयंपाकाला. दरवर्षी मंडळ ऑफिसातले, म्हणजे आमच्या तहसीलीतले, एक साहेब येऊन उद्घाटनाची पहिली चकती फेकत, मग खेळ सुरू व्हायचा. त्या दिवशी साहेबांचा निरोप आला, जीप बंद पडली आहे. राजन्ना म्हणाला, "दत्तूभाऊ, तुमीच करा!" एवढं मराठी त्यानं आमच्यासाठी शिकून घेतलं होतं.

दत्तूभाऊ नको नको म्हणत पुढे झाले. वहिनी पळी हातात घेऊन चुलीजवळून बघत होत्या. भाऊंनी चकती कपाळाला लावली आणि फेकली. नेहमीसारखी ती डावीकडे वळली. एक नंबरच्या डाल्यापासून लांब, दोन नंबरच्याही पलीकडे गेली. तेवढ्यात वारा आला. चकती हवेत थोडी रेंगाळली, वळली, मागे फिरली आणि एक नंबरच्या डाल्यात जाऊन पडली!

एका फेकीत! इतक्या वर्षांत आमच्या मैदानावर हे कोणालाही जमलं नव्हतं, राजन्नालासुद्धा नाही.

गंगाधर खाकरला आणि पडेल आवाजात म्हणाला, "भाऊ... उद्घाटनाची फेक मोजत नसतेत."

दत्तूभाऊंनी डाल्याकडे बघितलं. मग चुलीकडे बघितलं. वहिनींचे डोळे भरून आले होते. भाऊ सावकाश मांडवात गेले, माईक हातात घेतला, त्यावर दोनदा टिचकी मारली आणि म्हणाले, "सर्व खेळाडूंनी आणि प्रेक्षकांनी लक्ष द्यावं. आजची टूर्नामेंट संपलेली हाये. सगळ्यांनी जेवाले बसावं!"

राजन्नानं हातातली चकती खाली ठेवली, कळशी उचलून वहिनींच्या चुलीजवळ नेऊन ठेवली, बूट काढले आणि मांडवात जाऊन पहिली मांडी घातली. त्याच्यामागे बोथची सगळी टीम, मग नेरडीगोंड्याची, मग आम्ही.

सकाळचे साडेसात वाजले होते. डाळ अजून चुलीवर चढायची होती.