दारात बसवलेली मोटारसायकल

पेणला आमच्या समोरच्या दारात एक जुनी मोटारसायकल उभी असते. तिचा मालक गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो. त्याचं नाव मला ठाऊक नाही. गाडीतून डोकं वर काढील तेव्हा विचारणार ना!

रोज संध्याकाळी तो टाकीवर नवी सोनेरी रेघ ओढतो. मग कार्बोरेटरचा स्क्रू पाव आटा फिरवतो आणि डोळे मिटून गाण्याला दाद द्यावी तशी मान हलवतो. इंजिन मात्र बंदच असतं.

या गाडीवरून रोह्याला माहेरी न्यायचं त्यानं बायकोला कबूल केलं होतं. परवा ती पिशवी घेऊन उभीच राहिली. गाडी पहिल्या किकला सुरू झाली. मी थक्क! त्यानं ती लगेच बंद केली आणि धुरानं काळवंडलेला सायलेन्सर पुसायला बसला.

"मी जाते एसटीनं," ती म्हणाली.

"सांभाळून जा गो."

मला राहवलं नाही. "अहो, मग देव्हाऱ्यातच ठेवा की गाडी!"

तो हसला नाही. "वर्षभर ज्यांचे डोळे रंगवतो, ते समदे पाण्यात जातात वो. येक तरी घरात ऱ्हाऊ दे."