रिकामी झोळी

गड्यांनो,

दत्तू, गुडघा काय म्हणतो? हमीदभाई, तुमचा दमा आटोक्यात आहे ना? आणि काशिनाथ, डोळ्याची पट्टी सुटली का?

कंबर धरल्यापासून माझं रानात झोपणं सुटलं होतं. भुईला पाठ टेकवत नाही. म्हणून मासिकातलं चित्र बघून तंबूच्या कापडाची झोळी शिवली, आणि आज दुपारी पारनेरच्या माळावर दोन कडुलिंबांना बांधली. गाठी टिकतात का बघायला रिकामीच हलवली.

शेरडं राखणारी एक बाई ओरडली, "अवो बाबा, रिकामी झोळी हलवू नगा! घरात कुनी पोटुशी हाय का?"

"लेक आलीय बाळंतपनाला. पन हितं तिचा बाप झोपनार हाय, बाई!" मी हसलो.

ती हसली नाही. बारशाला पाळण्यात वरवंटा ठेवतात तसा एक लांबट धोंडा तिने झोळीत ठेवला आणि निघून गेली.

मी धोंडा काढून टाकला, छान डुलकी घेतली. उतरून पाणी पितोय तोच झोळी हलू लागली. लिंबाचं पानही हलत नव्हतं. झोळी मात्र संथ झुलत होती, आणि आत कुणी निजावं तशी मधोमध खाली ओढली गेली होती.

धोंडा शोधून परत आत ठेवला. झोळी थांबली. ती सोडून घरी आणायचा धीर झाला नाही.

आत्ता सुमन दुपटी शिवतेय. म्हणाली, "बाबा, तुमची झोळी कुठंय? बाळाला होईल की."

काय सांगू तिला? उलट टपाली लिहा रे.

तुमचा,
अण्णा