भिंतीला विचारणारे आबा

मळवलीपासून कामशेतपर्यंत जेवढ्या भिंती उभ्या आहेत, त्या सगळ्या आमच्या शेजारच्या आबांना ओळखतात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आबा शेजारच्या बंगल्याची राखण करतात आणि बंगल्यामागच्या आपल्या जुन्या घरात बायकोबरोबर, म्हणजे आमच्या मावशींबरोबर, राहतात. बंगल्याचे आधीचे मालक जाताना एक न उघडलेलं खोकं त्यांना देऊन गेले. त्यात बॅटरीवर चालणारं ड्रिल निघालं. जन्मभर छिन्नी-हातोडी चालवलेल्या माणसाच्या हाती साठी उलटल्यावर ते हिरवं यंत्र आलं. लोकांना यंत्र मिळालं की कामं झटपट होतात हो! आबांची दुपटीनं लांबली.

मी मूळची पुण्याची आणि स्वभावानं महाघाईची. निवृत्त होऊन इथे राहायला आले, तेव्हा भिंतीवरचं घड्याळ लावायला आबांना बोलावलं. दहाला आले. आधी मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं, मग गळ्यातला मफलर, मग बाह्या कोपराच्या वर दुमडल्या. "फिरत्या जिनसेला सैल कापड लय आवडतं, ताई," म्हणाले. मग नेहमीच्या चष्म्यावर दुसरा मोठा, डोळे झाकणारा चष्मा. आणि मग बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक करत, डोळे मिटून, कान लावून उभे! भाजे लेण्यांच्या डोंगरावरचं धुकं हलके हलके खिडकीतून आत आलं, माझा चहा गार झाला, तरी आबा आपले ऐकतच होते. "काय म्हणते भिंत?" मी जरा खवचटपणेच विचारलं. "इचारतोय," ते म्हणाले. "भिंतीला घाई न्हाई. घाई आपल्याला."

छिद्र पाडायची तऱ्हाही तशीच. पेन्सिलीच्या खुणेवर बिटचं, म्हणजे भोक पाडणाऱ्या सळईचं, टोक टेकवायचं, आधी जेमतेम फिरेल इतकं हळू चालवायचं, जागा धरली की मग वेग. रेटायचं नाही. मधेच बाहेर काढून भुकटी सांडू द्यायची. किती खोल जायचं ते कळावं म्हणून बिटला लाल चिकटपट्टी. बिट बदलायचं असेल तर आधी बॅटरी काढून सदऱ्याच्या खिशात, का तर चुकून बटण दाबलं गेलं तरी बोटं शाबूत राहावीत. हे सगळं ते इतक्या संथपणे करत की भुंग्यासारख्या त्या गुणगुणीनं मला खुर्चीतच पेंग येई. जाग आली की काम उरकलेलं असे आणि आबा सांडलेली भुकटी कागदात गोळा करत असत.

एकदा मात्र मला धीर धरवला नाही. आबा कामशेतला गेले होते, मी मावशींकडून ड्रिल मागून आणलं आणि चमच्यांचं स्टँड लावायला स्वयंपाकघरात, नळाच्या बरोब्बर वर, भोक पाडलं. भिंतीतून असा फवारा उडाला की काय सांगू! डब्यातले पोहेसुद्धा भिजले. आबा आले, त्यांनी आधी टाकीचा कॉक बंद केला, आणि मग आपला तो मोठा चष्मा माझ्या ओल्या नाकावर चढवला. "नळाच्या सरळ रेषेत पाइप असतोय, बटनाच्या सरळ रेषेत वायर. भिंतीला इचारलंवतं का?" मी आपली पोहे निथळत बसले.

मागच्या वर्षी मावशींच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. डॉक्टर म्हणाले, रोज आधार धरून चालल्या तर पाय सुधारेल, नाहीतर खाटेवरच राहतील. मावशी मानी. कुणाचा हात धरायला तयार नाहीत. "मला माझ्या पायानं मागच्या दारात जायचंय, बास," एवढंच म्हणत. मागच्या दारातून भातखाचरं दिसतात, सकाळ-संध्याकाळ त्यांची तिथेच बैठक. आबांनी लोखंडी नळी आणली, खाटेपासून मागच्या दारापर्यंत भिंतीवर कठडा बसवायचा म्हणून. पण घर मातीच्या भिंतींचं. पहिलं भोक पाडलं तर तांबडी माती भुरुभुरु गळली आणि स्क्रूसाठी ठोकलेली प्लॅस्टिकची गिट्टी बोटानं बाहेर आली.

मग आबा चार दिवस नुसते टकटक करत बसले. मला राहवेना. इकडे मावशींचा पाय दिवसेंदिवस आखडत चाललेला. "अहो आबा, लावा की आता! सगळ्या गावात लावत हिंडता!" मी ओरडलेच. त्यांनी भिंतीवरचा कान काढला. डोळे भरले होते. "ताई, लोकांच्या भिंतीवर फोटू लटकतो. हितं ती लटकनार हाय."

मला माझीच शरम वाटली. मीही शेजारी कान लावून बसले. पाचव्या दिवशी टकटकीचा आवाज बदलला. मातीच्या आत ऐनाच्या लाकडाचे जुने खांब होते, आबांच्या वडिलांनी घर बांधताना उभे केलेले. आबांनी लाकडाचं बिट चढवलं, दगड-विटेसाठी ठोके मारत फिरवणारं बटण बंद केलं आणि खांबाखांबात लांब स्क्रू बसवले. उंची आम्ही दोघांनी मावशींना क्षणभर उभं धरून त्यांच्या हातावरून घेतली. मग कठड्याला आबा स्वतः लोंबकळले. मग मला म्हणाले, "आता तुमी." बासष्टाव्या वर्षी, साडी खोचून, मी लोंबकळले! कठडा हलला नाही. खाटेवरून मावशी हसल्या, आजारपणानंतर पहिल्यांदा.

त्या दिवशी मावशी चार पावलं चालल्या. महिन्याभरात दारात पोचल्या. आबा शेजारून चालतात, हात पुढे धरून, पण मावशींना न लावता.

परवा पाहिलं तर कठड्याच्या वीतभर वर, प्रत्येक खांबाच्या जागी भिंतीवर पेन्सिलीची नवी फुली. "ही कसली?"

"माझ्या उंचीची," आबा म्हणाले. ड्रिल धरायचा त्यांचा हात हल्ली थोडा कापतो, ते मला ठाऊक होतं. मला ठाऊक आहे, हे त्यांनाही ठाऊक होतं. "येळ हाय अजून. पर मलाबी कठडा लागंल तवा मला लावाया जमायचं न्हाई. तुमी शिकून ठेवा."

त्यांनी तो मोठा चष्मा माझ्या नाकावर ठेवला. मी मनगटावरचं घड्याळ काढलं, पदर खोचला. मागच्या दारात मावशी बसल्या होत्या, त्यांच्यापलीकडे खाचरांवर धुकं पसरत होतं. मी पहिल्या फुलीवर टकटक केलं आणि कान लावला. भिंतीला घाई नव्हती. मलाही, देवाशपथ, कसलीच घाई नव्हती.