आईचं नाव घ्यायचं ठरलं होतं

आमच्या चर्चच्या कमिटीने माझ्या आईला फसवलं. चूक झाली, गडबड झाली, असं म्हणणारे पुष्कळ भेटले. मी फसवलं म्हणते.

दादरच्या फुलबाजारात माझा गाळा आहे. फुटपाथवर टोपली घेऊन बसत होते, तिथून स्वतःच्या हिमतीवर गाळ्यापर्यंत आले, आणि एवढ्या वर्षांत कुणाच्या नुसत्या शब्दावर माल सोडला नाही. या ईस्टरला सोडला. वेदीची फुलं मी द्यायची आणि आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना पाळकसाहेबांनी आईचं नाव घ्यायचं, असं कमिटीच्या सेक्रेटरींशी ठरलं. मंगळवारी तिच्या खुब्याचं ऑपरेशन होतं. वय ऐंशीच्या पुढे. परळला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, तिला चर्चला नेणं शक्यच नव्हतं. भूल घ्यायला ती घाबरत होती. "मंडळीत माझं नाव घेतलेलं एकदा कानांनी ऐकलं की मी खुशाल टेबलावर झोपेन," म्हणाली होती.

शनिवारी संध्याकाळी मी स्वतः वेदीवर पांढरी लिली लावून आले. रविवारी सकाळी आईच्या पाठीशी दोन उशा दिल्या, तिच्या डोक्यावर पदर नीट केला आणि मोबाईलवर आलेली लिंक टीव्हीला लावली. कोपऱ्यात लाल चौकोनात 'लाइव्ह'.

"प्रभू उठला आहे!" पाळकसाहेब म्हणाले.

"तो खरोखर उठला आहे!" आईने टीव्हीला खणखणीत उत्तर दिलं.

कॅमेरा वेदीवर गेला आणि माझं डोकं फिरलं. वेदीवर ग्लॅडिओलस. माझेच, पण गेल्या वर्षीचे. तेव्हा लिलीचा माल डागी आला होता म्हणून ग्लॅडिओलस भरले होते आणि कमी पडले तिथे शेवंती खुपसली होती. ती शेवंतीसुद्धा जागच्या जागी. मी रिमोटसाठी उठले, तेवढ्यात आजाऱ्यांची यादी सुरू झाली.

"बस खाली," आई म्हणाली. "आता माझं घेतील."

पाळकसाहेबांनी माझ्या वडिलांचं नाव घेतलं. प्रभू, त्यांना लवकर बरं कर, म्हणाले.

वडील गेल्या जूनमध्ये वारले. त्यांचा मातीचा विधी याच पाळकसाहेबांनी केला होता.

आईचे हात जोडलेलेच राहिले. मग तिने विचारलं, "का गं, ते गेले हे चर्चला ठाऊक नाही?"

उपासना सुटायच्या वेळेला मी सेक्रेटरींना फोन लावला.

"ताई, ऐन वेळेला चर्चमधलं नेट गेलं हो. घरी बसलेल्यांना काहीतरी दिसावं म्हणून एकाला घरून गेल्या वर्षीचं लावायला सांगितलं."

"आणि वर लाइव्ह लिहिलंत?"

"ते आपोआप येतं."

"माझ्या गाळ्यावर शिळी फुलं आपोआप ताजी होत नाहीत!"

"अहो, इथे चर्चमध्ये आईंचं नाव घेतलं की! पहिलंच घेतलं. देवाने ऐकलं."

"देवाला ऐकायला लिंक लागत नाही, सेक्रेटरीसाहेब. माझ्या आईला लागते. तेवढं रेकॉर्डिंग पाठवा."

"केलंच नाही. तुम्ही ना ताई, प्रार्थनेतसुद्धा सौदा बघता."

हो, बघते. सौदा त्यांनीही केला होता. लिली मोजून घेतली होती त्यांनी.

मी आईला सांगितलं, तुझं नाव घेतलं, अगदी पहिलं. तिने माझ्याकडे बघितलं. गिऱ्हाइकाची समजूत काढताना माझा आवाज कसा होतो, ते तिला पाठ आहे. "तू म्हणतेस म्हणून," एवढंच बोलली. मंगळवारी आत नेताना ती माझा हात सोडेना. शेवटी नर्सने एकेक बोट सोडवलं.

ऑपरेशन नीट झालं, मग आता कशाला धरून बसलीस, असं लोक विचारतात. पाळकसाहेब दवाखान्यात येऊन प्रार्थना करून गेले. घरोघरी काय दाखवलं गेलं, हे त्यांना माझ्याकडूनच कळलं. सेक्रेटरी मात्र फिरकले नाहीत. ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकलं, झालं.

ते चित्र मला नको. आई आता वॉकर धरून दारापर्यंत येते. सेक्रेटरींनी तीन जिने चढावेत, तिच्यासमोर बसावं आणि सांगावं की तुमच्या गेलेल्या नवऱ्याला बरं करायची प्रार्थना तुम्हाला ऐकवली ती आम्ही, आणि लावण्याआधी त्यात काय आहे ते बघितलंसुद्धा नाही. कधी येताय?