वरची ओळ

काकूंचा आवाज ऐकायचा असेल तर सकाळी पार्सल ऑफिसात जा. कोपऱ्यातल्या खिडकीत त्या बसतात आणि "पुढचं!" अशी काही हाक देतात, की रांगेत डुलक्या काढणारा माणूस दचकून पुढच्याच्या पायावर पाय देतो. खोक्याचं वजन करायचं, चिकटपट्टी ओढून बघायची, शिक्का मारायचा, पावती फाडायची. पत्ता गिचमिड लिहून आणलात तर तुमची खैर नाही. "हे मी वाचू की लिहिणाऱ्यालाच बोलावून आणताय?" असं सगळ्यांदेखत विचारतील. पट्टी सैल असेल तर खोकं परत. मग तुम्ही कितीही घाईत असा.

आता गंमत ऐका. याच बाईंचा आवाज सगळ्या शहराने वर्षानुवर्षं डोक्यावर घेतला होता आणि एकाही शहाण्याला त्याचा पत्ता नव्हता.

राणी माहीत नाही असा माणूस इथे सापडायचा नाही. राणी म्हणजे पोस्टरवरची राणी, मोठमोठी सभागृहं भरवणारी. तिचं ते एक गाणं, जे न्हाव्याच्या दुकानापासून लग्नाच्या हॉलपर्यंत सगळीकडे वाजतं, त्याच्या शेवटच्या कडव्यात एक ओळ आहे. ती ओळ एका दमात वर चढते आणि वर गेल्यावर तिथेच थांबून राहते. लोक त्या ओळीसाठी तिकीट काढायचे. ती आली की आधी सगळे चिडीचूप आणि मग टाळ्यांचा नुसता कडकडाट.

राणी आणि काकू एकाच बाईंकडे गाणं शिकल्या, एकाच कोरसमध्ये उभ्या राहिल्या. मग कुणीतरी राणीला दोन पावलं पुढे बोलावलं. ती पुढे गेली ती गेलीच. काकू मागेच राहिल्या. पार्सल ऑफिसात नोकरी धरली, लग्न केलं आणि संध्याकाळी राणीच्या मागे डाव्या बाजूच्या अंधारात कोरस गाऊ लागल्या. लोकांना वाटतं, आतून जळत असतील. अहो, कसल्या जळतात! राणीचं नाव कुणी काढलं की यांचीच कॉलर ताठ. आजही जगात राणीला "ए बये" म्हणणाऱ्या त्या एकट्या, आणि त्यांना "काके" म्हणणारी राणी एकटी.

मग एकदा राणीला सर्दी झाली. घसा बसलेला, सभागृह तुडुंब भरलेलं. दोघींचे आवाज एकाच हाताखाली घडलेले, त्यामुळे ऐन वेळी तोड निघाली. राणीने माइक तोंडापासून जरासा खाली घ्यायचा, तेवढ्यात साउंडवाल्याने काकूंचा माइक चढवायचा, काकूंनी ओळ घ्यायची आणि राणीने नुसते ओठ हलवायचे. कुणाच्या बापाला कळलं नाही. काकू त्या दिवशी घरी हवेतच तरंगत आल्या. मैत्रिणीची अब्रू आपण राखली, आणखी काय हवं?

पण ती सर्दी काही बरी होईना, कारण ती आता बाटलीतून येत होती. आधी कार्यक्रम झाल्यावर, मग मध्यंतरात, मग कार्यक्रमाच्या आधीच. माइक जास्त जास्त वेळा खाली यायला लागला, आणि यातच वर्षं गेली. शेवटी एकदा राणी घरातच कोसळली. हॉस्पिटल झालं, तिथून व्यसनमुक्ती केंद्र झालं. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, "यकृताने हात टेकलेत. पुन्हा सुरू केलीत तर मग माझ्याकडे येऊ नका, मी काही करू शकणार नाही."

राणी बरी होऊन आली. ठणठणीत. मुलाखतींमधून "मी सुटले" म्हणून सांगू लागली आणि खरंच सगळी गाणी स्वतः गाऊ लागली. वरची ओळसुद्धा. काकूंकडे फक्त आ आ ऊ ऊ उरलं. हातचं काम गेलं म्हणून इतकं खूष झालेलं माणूस कुणी पाहिलं नसेल. ऑफिसातसुद्धा चार दिवस त्यांनी कुणाचं खोकं परत पाठवलं नाही.

आणि मग एका संध्याकाळी, अगदी साध्याशा कार्यक्रमात, राणीचा माइक पुन्हा खाली आला.

काकूंना गायचं नव्हतं. पण तोंड आपोआप उघडलं आणि ओळ गाऊन मोकळं झालं. सवय ती, दुसरं काय? "आज जरा घसा धरलाय गं," राणी नंतर म्हणाली. तिच्या तोंडाला बडीशेपेचा वास येत होता. बडीशेप काही कुणी मूठमूठ खात नाही. काकूंना कळलं, आणि कळूनही त्या गात राहिल्या. मग व्हायचं तेच झालं. एका ओळीच्या दोन झाल्या, दोनाचं कडवं झालं. शेवटी एका मोठ्या कार्यक्रमात ते आख्खं गाणं काकूंनी गायलं आणि राणी मध्ये उभी राहून हात हलवत राहिली. लोक नुसते वेडे झाले.

कार्यक्रमानंतर काकू मेकअपच्या खोलीत गेल्या. राणी आरशासमोर बसून चहाच्या कपातून पीत होती. त्यात चहा नव्हता, हे सांगायला नको. डोळे चमकत होते. म्हणाली, "बघितलंस काके? सगळे उगाच घाबरवतात. घेतली तरी माझ्या आवाजाला काडीचाही धक्का लागत नाही. आजची ती ओळ ऐकलीस ना? कशी लागली!"

काकूंना वाटलं, थट्टा करतेय. पण नाही. बाई मनापासून बोलत होती. तिला खरोखरच वाटत होतं की ती गायली.

इतकी वर्षं काकूंना वाटत होतं, आपण मैत्रिणीला सावरतोय. आणि इथे ती त्यांच्याच आवाजाच्या भरवशावर कप भरत होती!

त्या रात्री पानावर बसून त्या नुसत्या चिवडत राहिल्या. नवरा लिफ्टा दुरुस्त करणारा, कमी बोलणारा माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग नको गाऊस."

"नको गाऊस काय? भर सभागृहात तिची अब्रू जाईल."

"जाईल. मग?"

"मग काय मग! आयुष्यभर कमावलेलं नाव आहे तिचं."

"नाव गेलं तर बघता येईल पुढचं पुढे," तो म्हणाला. "तीच गेली तर काय करशील? आणि आता जेव, मला भांडी आवरायचीत."

काकू पाठीमागून वार करणाऱ्यातल्या नव्हेत. दुसऱ्या दिवशी त्या सरळ राणीच्या घरी गेल्या. "ए बये, नीट ऐक," त्या म्हणाल्या. "काल तू गायली नाहीस. मी गायले. गेले कित्येक महिने मीच गातेय. आता बास. कोरस गाईन, पण तुझ्या ओळी तुझ्या तू गायच्या. माइक खाली घेतलास तर मी तोंड उघडणार नाही."

राणी आधी हसली. मग तिचा चेहरा कडू झाला. "तुझ्याने व्हायचं नाही ते," ती म्हणाली. "ऐन वेळी तुला माझी दया येईल. मला माहितेय तुला."

खरं सांगायचं तर काकूंनाही तीच भीती होती.

पुढचा कार्यक्रम शहरातल्या सगळ्यात मोठ्या सभागृहात होता. राणी कशीबशी चालत आली, पहिली दोन गाणी कशीबशी ओढली आणि मग ते गाणं सुरू झालं. शेवटचं कडवं आलं. माइक खाली आला. साउंडवाल्याने काकूंचा माइक चढवला.

काकूंनी दात आवळून धरले. गळा आतून वर उसळत होता. इतक्या वर्षांची सवय, ती काय ऐकते? शेजारच्या कोरसवालीने त्यांना खचकन चिमटा काढला. ड्रम वाजतोय, गिटार वाजतेय, राणीचे ओठ हलताहेत आणि गाणं नाही. आख्ख्या सभागृहाला ते दिसलं. राणीने मान वळवून अंधारात पाहिलं. काकूंना त्या नजरेची खरोखरच दया आली. पण तोंड उघडलं नाही.

बँडने घाबरून कडवं पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. कुणीतरी शिट्टी मारली, कुणी खिदळलं. मग राणीने माइक तोंडाशी नेला आणि स्वतः प्रयत्न केला. निघाला तो एक फाटका, घोगरा आवाज. तो अर्ध्यावरच तुटला. राणी होती तिथेच खाली बसली आणि पडदा ओढावा लागला.

"तू मला मारलंस, काके," आत नेताना ती एवढंच म्हणाली. मॅनेजर तर थयथयाट करत आला. "उद्यापासून तोंड दाखवू नका! तुमचं काम काय? गायचं! अक्कल चालवायला कुणी सांगितलं होतं?" काकूंनी साडीला लावलेली कोरसची टिकल्यांची पिन काढून टेबलावर ठेवली आणि बस धरून घरी आल्या.

पुढचे दिवस वाईट गेले. पेपरांनी राणीची यथेच्छ टिंगल केली. ऑफिसात रांगेतली माणसं ते चघळत उभी राहायची आणि काकू खाली मान घालून शिक्के मारायच्या. राणीने घराचं दार बंद करून पिण्याचा सपाटा लावलाय, असं कानावर यायचं. तिचं काही बरंवाईट झालं तर? फोन वाजला की काकू हातातलं टाकून धावायच्या. पण शेवटी एकदा फोन आला तो राणीच्या भावाचा. म्हणाला, "ती स्वतःहून केंद्रात गेली. मागच्या वेळी आम्ही उचलून नेलं होतं. या वेळी स्वतःच टॅक्सी बोलावली."

काकू दर रविवारी केंद्रात जायच्या. राणी भेटायला नकार द्यायची. काकू व्हरांड्यातल्या बाकावर भेटीची वेळ संपेपर्यंत बसायच्या, आणलेली संत्री पहारेकऱ्याकडे द्यायच्या आणि घरी यायच्या. "ती भेटत नाही, मग जाता कशाला?" पहारेकऱ्याने एकदा विचारलं. "मी आले होते हे तिला कळतं ना? तेवढं पुरे," काकू म्हणाल्या. असं बरेच रविवार चाललं.

मग एका रविवारी आतून बोलावणं आलं. राणी वाळून अर्धी झाली होती. केसांचा रंग उतरला होता. तिने एक संत्रं सोलायला घेतलं. मग म्हणाली, "काल खोलीत कुणी नव्हतं म्हणून ती ओळ म्हणून बघितली. येत नाही गं मला. माझंच गाणं आणि मलाच येत नाही. कुठे श्वास घ्यायचा तेसुद्धा विसरले." आणि ती ढसाढसा रडली.

"रडून झालं की सांग," काकू म्हणाल्या. त्यांचेही डोळे गळत होते, पण आवाज मात्र खिडकीतला. "तुझा गळा आता तेवढा वर जायचा नाही. खालच्या पट्टीत घेऊ."

"लोक म्हणतील, उतरली."

"म्हणू देत की. लोकांना काय काम आहे दुसरं?"

त्या दिवसापासून भेटीच्या खोलीत दोघींची शिकवणी सुरू झाली. आजूबाजूला नातेवाईक, पिशव्या, रडारड आणि मध्ये या दोघी. काकू पार्सलवाल्यांना झापतात तसं राणीला झापायच्या. "घाई काय आहे? गाडी सुटतेय का? पुन्हा!" राणी पुन्हा म्हणायची. एक बँकवाले गृहस्थ तिथे उपचारासाठी होते. ते टेबलावर ठेका धरायला लागले आणि चुकले की काकूंच्या शिव्या खायला लागले. वर्ष सरता सरता राणीचा नवा आवाज तयार झाला. खालचा, जरा खरखरीत. पण श्वास पुरत होता आणि माणूस शुद्धीवर होतं.

राणी परतली ती एका लहानशा सभागृहात. मॅनेजर नवा होता. त्याने काकूंना बोलावलं, "गरज पडली तर मागे उभ्या राहाल ना?" काकू काही बोलायच्या आत राणी म्हणाली, "ती समोर बसणार. तिकीट मी काढलंय." इतक्या वर्षांत कार्यक्रमात काकूंनी राणीची फक्त पाठ पाहिली होती. आज पहिल्यांदा समोरून चेहरा दिसत होता. नवरा शेजारी इस्त्रीचा शर्ट घालून अवघडून बसला होता.

ते गाणं आलं. शेवटचं कडवं आलं. राणीने माइक तोंडाला घट्ट धरला आणि ओळ उचलली. मध्येच आवाज चिरकला. सभागृह दचकलं. काकूंनी नवऱ्याचा हात असा दाबला की तो कळवळला. राणी थांबली. बँडला हाताने थांबवलं. "माफ करा, पुन्हा घेते," ती लोकांना म्हणाली. शांतपणे श्वास घेतला आणि ओळ पुन्हा म्हटली. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, सगळीच्या सगळी.

टाळ्या झाल्या, पण पूर्वीसारखा कडकडाट नव्हता. काकूंच्या दुसऱ्या बाजूला एक वयस्कर बाई बसल्या होत्या. त्या हळहळल्या. "गेला हो आवाज. पूर्वी मी प्रत्येक कार्यक्रमाला यायची. ही ओळ घ्यायची ना, अंगावर काटा यायचा! काय आवाज होता तो! तसा आवाज पुन्हा व्हायचा नाही."

आयुष्यात पहिल्यांदा काकूंच्या गाण्याचं कुणीतरी त्यांच्या तोंडावर असं कौतुक करत होतं. नवऱ्याने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. एक शब्द बोलल्या असत्या तर त्या बाईंनी पाय धरले असते.

काकू ताठ बसल्या. डोळे भरून वाहत होते आणि मान अभिमानाने वर होती. "तो आवाज जाऊ द्या हो चुलीत," त्या म्हणाल्या, आणि तेही खिडकीतल्या आवाजात, चार रांगांना ऐकू जाईल असं. "हा ऐका. हा तिचा आहे."