हात वर ठेवून माप

“काकू, हात वर ठेवून माप घ्या,” असं म्हणत ती दुकानात शिरायची आणि डावा हात खांद्याच्या रेषेत उचलून पंजा पुढे करायची. पलीकडून कुणीतरी तो धरणारच आहे, अशा खात्रीने. चौल नाक्यावरच्या माझ्या एवढ्याशा दुकानात तो हात थेट टांगलेल्या ब्लाउजांत घुसायचा. मी ब्लाउज बाजूला सारायची आणि टेप घेऊन उभी राहायची. तीस वर्षं मी इथे बायकांची मापं घेते आहे. हात वर करून माप देणारी ती एकटीच.

पोरगी बर्फावर नाचायची. तुम्ही हसाल, मीही हसले होते. आपल्याकडे बर्फ म्हणजे मासळीच्या पेटीतला, नाहीतर जत्रेतल्या गोळ्याचा. थळची एक कोळीण माझी जुनी गिर्‍हाईक. ती एकदा या पोरीच्या तोंडावरच म्हणाली, “आमी बर्फान म्हावरा ठेवताव, आन् तू त्याच्यावर नाचतंस?”

“हो मावशी,” ही शांतपणे म्हणाली. “वास येत नाही, एवढाच फरक.”

तिने समजावलं त्यातून मला कळलं ते असं. हा खेळ जोडीचा. एक मुलगी, एक मुलगा, पायात पातं लावलेले बूट. गाणं संपेपर्यंत एकमेकांना धरून बर्फावर फिरायचं आणि फार वेळ हात सोडायचा नाही. सरावाला बर्फ नवी मुंबईच्या एका मॉलमध्ये, तोही आपल्या अंगणाएवढा. त्यासाठी ती पहाटेची पहिली एसटी धरायची आणि दुपारी परतायची. स्टँडवर उतरून घर गाठण्याआधी माझ्या बाकड्यावर टेकायची, आणि बुटांची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या बसल्या झोपायची. मी मशीन थांबवायची नाही. थांबवलं की ती जागी व्हायची.

पहिला पोशाख मी शिवला तो सगळ्यांसारखाच, हात खाली सोडून घेतलेल्या मापाचा. चूक माझीच. स्पर्धेत तिने जोडीदाराच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला आणि काखेत शिवण उसवली. तिथल्या टिकल्या बर्फावर सांडल्या. अंगावरचं काही बर्फावर पडलं तर गुण कापतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

परत आल्यावर तिने तो पोशाख माझ्या मशीनवर ठेवला.

“कितवा नंबर?” मी विचारलं.

“दुसरा.”

“शाब्बास.”

“दोनच जोड्या होत्या, काकू.”

टिकल्यांबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. ते मला नंतर तिच्या आईकडून कळलं. मला इतकी लाज वाटली की आठवडाभर कात्री हातात धरवेना. ती मात्र पुढच्या खेपेला नुसती हात वर करून उभी राहिली.

तेव्हापासून मी तिच्या काखेत कळी घालायला लागले. कळी म्हणजे काखेत जोडायचा चौकोनी तुकडा. त्याने हात वर गेला तरी कपडा ओढला जात नाही. टिकली अन् टिकली वेगळी गाठ मारून शिवायची. ती नखाने एकेक ओढून बघायची आणि मी डोळे मिटून बसायची.

पण नुसता हात वर करून शिवण कळत नाही. पलीकडून कुणीतरी तो हात ओढायला लागतो. जोडीदार राहायचा पनवेलला, मग तो मान माझ्याकडे आला. गुडघे दुखणारी, पदर खोचलेली पंचावन्न वर्षांची बाई आणि ही काडीसारखी पोर, कटिंगच्या टेबलाभोवती गोल फिरत असायचो.

“खाली बघू नका, काकू. समोर बघा.”

“समोर काय बघू? समोर तूच आहेस.”

“मग मलाच बघा. मी पडू देणार नाही.”

तिचे जोडीदार मात्र टिकत नव्हते. पनवेलच्या मुलाला बारावी आली म्हणून घरच्यांनी काढून घेतलं. त्याचा शर्ट मी उसवून दुसर्‍याच्या मापाचा केला. दुसरा उत्तरेकडचा, उंच, हिंदी बोलणारा. या दोघांच्या मधल्या सहा महिन्यांत जोडीदार नव्हताच, तेव्हा ती बापाच्या वाडीत पोफळीला एका हाताने धरून सराव करायची. मी तिला चिडवलं, तर म्हणाली, “पोफळ बरी, काकू. बारावीला बसत नाही.”

एकोणिसावं संपलं की लहान गटातून बाहेर, असा नियम होता. ते शेवटचं वर्ष. पोशाख तयार होता, त्याचा शर्टही इस्त्री करून ठेवला होता. स्पर्धेला महिना राहिला आणि त्या उंच मुलाने कळवलं, त्याला परदेशात दुसरी जोडीदार मिळाली. ती दुकानात आली आणि बाकड्यावर बसली. त्या दिवशी झोपली नाही.

“एकटीला नाही का गं उतरू देत?” मी विचारलं.

“देतात. पण तो खेळ वेगळा. त्यात उड्या मारायच्या असतात. मला उड्या येत नाहीत, काकू. मला धरून चालता येतं.”

मला इतकं वाईट वाटलं की मी तिलाच रागावले, घरी जा, जेवून घे, म्हणून. ती उठली आणि गेली. पोशाख न्यायला आली नाही. मोठ्या गटासाठी तरी तिसरा मिळतोय का, ते तिने वर्षभर शोधलं. दमलेल्या माणसाने शोधावं तसं, रोज थोडं कमी.

मग एक दिवस ती सुती कापडाचे दोन तुकडे घेऊन आली. पेणला एका वकिलाच्या ऑफिसात नोकरी लागली होती, तिथेच खोली घेऊन राहणार होती. “साधे पंजाबी ड्रेस, काकू. रोज घालायला.”

मी सवयीने ब्लाउज बाजूला सारले, टेप गळ्यात टाकला आणि तिचा हात धरायला माझा हात पुढे केला. ती दोन्ही हात अंगाशी सोडून उभी होती.

“हात खाली ठेवूनच घ्या,” ती म्हणाली.

मी तसंच माप घेतलं. छाती, कंबर, मुंढा, बाही. वहीत आकडे लिहिले आणि वर बघितलंच नाही. ती गेल्यावर मला भरून आलं. दुकानात गिर्‍हाईक होतं म्हणून मशीन चालवत राहिले.

ड्रेस तिची आई घेऊन गेली. त्याला आता दोन वर्षं होतील. ती चौलला क्वचित येते, आणि आली तरी नाक्यावर थांबायला तिला वेळ नसतो.

कळी मी दोन्ही ड्रेसांना घातली. आतून, त्याच कापडाची, बघणार्‍याला दिसू नये अशी. सांगितलं कुणालाच नाही. येता-जाता पेणच्या एसटीत गर्दी असते, उभं राहावं लागतं. वरचा दांडा धरायला ती हात वर करेल, तेव्हा कपडा ओढला जाणार नाही.