घट्ट मोजे आणि जोडवी

विमानात पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून काय करायचं, ते इंदरगंजातल्या डॉक्टरांनी आईला नीट समजावून सांगितलं होतं. तिच्या पायांच्या शिरा आधीच फुगलेल्या. गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे घाला, पाणी पीत राहा, अधूनमधून उठून चाला, बसल्या बसल्या घोटे हलवा. झालं, एवढंच. अमेरिकेत भावाच्या बायकोचं बाळंतपण होतं, म्हणून आईबाबा दिल्लीहून निघणार होते.

मोजे मीच आणले. घालून बघायला गेले तर आईची जोडवी आड आली. चांगली जाड चांदीची. मोज्याच्या दाबानं बोटांत रुतायला लागली. "प्रवासापुरती काढून ठेव ना," मी म्हटलं. पण बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, निरोप द्यायला म्हणून पडावहून आली होती, ती कडाडली. "नवरा जिवंत असताना जोडवी उतरवायची? अन् तीही सातासमुद्रापार जाताना? अपशकुन है ये तो!" हिंदी मुलखातलं आमचं मराठी घर, कुणी चिडलं की तोंडात हिंदीच येते.

आईनं बाबांकडे पाहिलं. ते 'काढ' म्हणाले असते तर तिनं तिथल्या तिथे काढली असती. "बाबा, तुम्ही सांगा ना, तुमचंच ऐकेल ती," मी अक्षरशः विनवलं. जन्मभर कॉलेजात फिजिक्स शिकवलेला माणूस! पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "अगं, एवढ्यानं काही होत नसतं. उगाच अक्काला दुखवू नका." मोजे सूटकेसमध्ये गेले आणि सूटकेस सामानात.

पोचल्यावर आईचा फोन आला. पोटरी दुखतेय, जरा सुजलीय, म्हणाली. विमानात पाणी प्यायलीस का, मी विचारलं.

"घोटभर घेतलं गं. पाणी प्यायलं की उठावं लागतं. कडेला हे झोपले होते, ह्यांची झोप कशाला मोडायची?"

माझं डोकंच फिरलं. भावाला म्हटलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने तिला. तो म्हणाला, "नेतो ना ताई, वीकेंडला. प्रवासाचा शीण आहे, दुसरं काय." वीकेंड यायच्या आधीच ती गाठ फुप्फुसात गेली. सुनेसाठी डिंकाचे लाडू वळता वळता आई ओट्याजवळ कोसळली.

इथे घरी बायका भेटायला आल्या. "अहेवपणी गेली, भाग्य लागतं," आत्या डोळ्यांना पदर लावून म्हणाली आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. मला राहवलं नाही. म्हटलं, "कसलं डोंबलाचं भाग्य! दम कोंडून मेली ती!" आत्या तरातरा उठून गेली. तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी. बरंच झालं, सुटले.

यंदा बाबा नातवाला भेटायला एकटेच गेले. पोचल्यावर त्यांनी व्हिडिओ कॉल केला. आरामखुर्चीत बसले होते, चेहरा ताजातवाना. पाणी पीत होतो, सारख्या फेऱ्या मारत होतो, एअर होस्टेसनंही कौतुक केलं, असं सगळं सांगून झालं. मग पँट वर करून त्यांनी कॅमेऱ्यासमोर पाय धरले. गुडघ्यापर्यंत घट्ट मोजे.

"बघ," म्हणाले, "जरासुद्धा सूज नाही. डॉक्टर सांगतात ते माणसानं ऐकावं."